नाराकूर्टच्या गुहेतला अडकित्ता

"हाडं बघायला चार तास गाडी हाणायची?" आईने ॲडलेडमध्येच विचारलं होतं. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून गाडीत आधी बसली तीच.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नाराकूर्टला बाहेर ऊन रणरणत होतं. व्हिक्टोरिया फॉसिल केव्हच्या पायऱ्या उतरलो आणि आईचा स्वेटर गाडीतच राहिल्याचं आठवलं. १९६९ साली गुहा धुंडाळणारे रॉड वेल्स आणि ग्रँट गार्टरेल इथल्या दगडांच्या ढिगातून सरपटत पलीकडे गेले, तर समोर मातीत हाडांचा नुसता खच. चुनखडीच्या छताला वर कुठेतरी भोक असायचं. वरून चालणारं जनावर त्यातून खाली पडलं की संपलंच. हजारो वर्षं हेच चाललं. १९९४ पासून ही जागा जागतिक वारसा आहे.

दिव्यांच्या उजेडात थायलॅकोलिओचा सांगाडा उभा आहे. पिशवीवाला सिंह! म्हणजे कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेलं, आता नामशेष झालेलं जनावर. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८५९ मध्ये नाव दिलं थायलॅकोलिओ कार्निफेक्स. कार्निफेक्स म्हणजे जल्लाद. वजन शंभर किलोच्या पुढे, अंगठ्याला भलीमोठी नखी. आणि गंमत म्हणजे नातं सिंहाशी नाही, बिळात राहणाऱ्या गुबगुबीत वॉम्बॅटशी आणि झाडावरच्या कोआलाशी. घराणं सगळं पाला खाणारं.

गाईड मुलीने जबड्याची प्रतिकृती आईच्या हातात दिली. सुळे जवळपास नाहीतच. ते काम पुढच्या दातांनी उचललेलं. खरी मजा गालाकडे: वरखाली एकेक लांबलचक दाढ, पात्यासारखी. आईने जबडा दोनदा मिटला, उघडला.

"अगं, हा तर अडकित्ता! सुपारी खायचा का हा?"

मी हसलो, पण गाईडला सांगितल्यावर ती हसली नाही. म्हणाली, एकोणिसाव्या शतकात याच्यावर जाणकार भांडलेत. ओवेन म्हणे क्रूर शिकारी, तर क्रेफ्ट आणि फ्लॉवर यांना तो शाकाहारी वाटत होता. आता मांसाहारीच मानतात. त्या पात्यांनी मांस कापलं जायचं.

आई खूश. बाहेर येऊन दशमी मोडताना पहिला प्रश्न, "आणि तो वॉम्बॅट? तो तरी चावत नाही ना?"

परतीच्या वाटेवर वॉम्बॅटच्या चित्राची पिवळी पाटी दिसली, तेव्हा तिने काच वर घेतली.