आबांची वडाळ्याची वारी

लालबागहून वडाळ्याला चालत जायचं म्हणजे पाच-एक किलोमीटर. पण आबांनी त्याला वारीखेरीज दुसरं नाव कधी दिलं नाही. आषाढीच्या आदल्या रात्री ते सांगायचे, "उद्या वारी हाय," आणि लवकर झोपायचे. यंदा त्यांच्याशिवाय पहिल्यांदाच चाललो, त्यांचे टाळ गळ्यात अडकवून.

आबा साताऱ्याकडचे, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. बरीच वर्षं बदली कामगार होते. बदलीवाल्यानं रोज पाळीआधी गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर काम, नाहीतर खोलीवर परत. माऊलींच्या पालखीबरोबर दोन-अडीच आठवडे जायचं तर रोजी कोण देणार? म्हणून वडाळा. रात्रपाळी सुटली की केसातला कापूस झटकायचा, अंघोळ करायची आणि दिंडी गाठायची. वडाळ्याच्या विठ्ठलाला प्रतिपंढरपूर म्हणतात. माझ्या मते ते नाव अशाच पायांनी मिळवलेलं आहे.

लालबागच्या भारतमाता थिएटरपासून निघालो तेव्हा पाऊस रपरप पडत होता. पुढे पताका, मधे वीणेकरी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. पुलाखालून जाताना टाळ-पखवाज असा घुमला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आबा आणि मी नेमके इथंच गप्पा मारायचो! साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. खात्यात सगळे ओठांनी आणि हातवाऱ्यांनीच बोलत, आणि ती बोली आबांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवली. चाळीत लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मला कधी आवाज चढवावा लागला नाही. दोन बोटं जुळवून फाकवली की 'धागा तुटला', म्हणजे साचा थांबव. दिंडीत मागची माणसं रेंगाळली की आबा तीच खूण करायचे आणि मी पुढच्यांना थांबवायला पळायचो. "पखवाज मला पायातनं ऐकू येतो," म्हणायचे, आणि खरंच, त्यांचं पाऊल कधी चुकलं नाही.

हिंदमाताला घोटाभर पाणी होतं. त्यातही फुगडी झाली.

पंढरपूरपर्यंत आबा एकदाच चालले, १९८२ साली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पगार बंद, म्हणून बरेच जण गावी गेले, तसे आबाही. आषाढ लागला आणि ते लोणंदला पालखीत शिरले. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडा धावतो ते, सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. घोडा गेला त्या जागेची माती त्यांनी कपाळाला लावली होती. मी एकदा विचारलं, विठ्ठलाकडं संपाचं काही मागितलंत का? म्हणाले, "हाताला काम न्हवतं, पायाला व्हतं. तेवढंच लई झालं." संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबांची गिरणी गेली, वडाळा सुटला नाही.

खोदादाद सर्कलवरून उजवीकडे वळलो आणि पाच उद्यानांपाशी, तिथल्या मोठ्या झाडांखाली, दिंडी लांबत गेली. लेक पुढं आजीबरोबर बायकांच्यात होती. तिनं वळून पाहिलं आणि हात उंच करून दोन बोटं जुळवली, फाकवली. आबांनी तिलाही शिकवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी तिथंच रडलो. वीणेकरी काका काही न बोलता पाठीवर हात ठेवून चालत राहिले. मग मागच्यांना हाका मारल्या, दिंडी पुन्हा जुळली.

कात्रक रोडला दर्शनाची रांग अफाट होती. आबा कळसाला हात जोडून परतायचे, दुसऱ्या पाळीच्या दिवसांत तर धावतच. आम्ही मात्र रांगेत उभे राहिलो. आजीला यंदा विठ्ठल जवळून बघायचा होता. राजगिऱ्याचा लाडू कुणीतरी हातावर ठेवला, तो तिघांत खाल्ला.

पुढच्या आषाढात रजा मिळाली तर लोणंदहून चालायचं आहे. नाही मिळाली तर वडाळा आहेच.