तुम्ही विचारलंत म्हणून : फी एकाची, मग साक्ष कोणाची?

संगणक सुरक्षेचा तज्ज्ञ म्हणून मी कोर्टात साक्ष देतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. सोसायटीतले विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि शिवाजीनगर कोर्टात उलटतपासणीला उभे राहिलेले वकील तर सुरुवातच त्याने करतात : "फी एका पक्षकाराकडून घेता ना? मग साक्षही त्याच्याच बाजूची!"

फी घेतो. शपथेवर विचारलं तर आकडाही सांगतो. पण ती तपासणीच्या वेळेची असते. मत पक्षकाराच्या विरुद्ध जाणार असेल तर ते पहिल्याच बैठकीत तोंडावर सांगतो. मग पुष्कळदा मला साक्षीला बोलावतच नाहीत.

एका दाव्यात मला कंपनीने नेमलं होतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाने ग्राहकांची यादी चोरली, असं तिचं म्हणणं. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्यात आपोआप होणाऱ्या नोंदींत, फाइल डाउनलोड झाल्याची वेळ होती ३ तारीख, रात्रीचे ८ वाजून १० मिनिटं. त्या वेळी तो ऑफिसातच होता, हजेरीची नोंदही होती. सगळं जुळलं, असं सगळ्यांना वाटलं. पण सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहीत होता आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे फाइल खाली उतरली ती ४ तारखेला, मध्यरात्र उलटून १ वाजून ४० मिनिटांनी. तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. त्याच्या लॉगिनवरून उतरली, एवढं खरं. पण तो पासवर्ड टीममध्ये आणखी कोणाला माहीत होता का, त्या रात्री कीबोर्डवर बोटं कोणाची होती, हे लॉग सांगत नाही. म्हणून मीही सांगितलं नाही. कायदा तज्ज्ञाकडून मत आणि त्यामागची कारणं मागतो. निकाल न्यायाधीशांनी द्यायचा.

आणि माझ्या शब्दावर कोणी विसंबू नये, असंच मला वाटतं. बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पुणे पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली, तपासातलं आभासी चलन वळवल्याच्या आरोपावरून. आरोप खरा की खोटा हे कोर्ट ठरवेल, पण 'तज्ज्ञ म्हणतात म्हणजे खरंच' ही सवय किती धोक्याची, हे तेव्हा सगळ्या पुण्याला कळलं. समोरच्या बाजूच्या तज्ज्ञाला माझं काम पुन्हा करून बघता आलं पाहिजे. त्यासाठी हॅश असतो, म्हणजे डिजिटल मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. मूळ डिस्कला हात न लावता तिची प्रत घ्यायची आणि त्या प्रतीवर गणित चालवायचं. एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत वापरली तर ६४ अक्षरांची एक ओळ येते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पार बदलते. ती ओळ प्रत घेतानाच कागदावर उतरवून सह्या घ्यायच्या, नंतर नाही.

हॅशसोबत कागद लागतो तो प्रमाणपत्राचा : हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठून आणि कसा घेतला, ते सहीनिशी लिहून देणारा. त्याचं महत्त्व महाराष्ट्राला जालन्याच्या निवडणूक खटल्याने शिकवलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याने, त्या प्रमाणपत्राचे दोन भाग केले : एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅशची नोंद दोन्हीत. मला ही तरतूद मनापासून आवडते.

मला जास्त काळजी वाटते ती खासगीपणाची. फोनची पूर्ण प्रत घेतली, की घरच्यांचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट, बँकेचे मेसेज, सगळं माझ्यासमोर येतं. त्यात ज्यांचा दाव्याशी काडीचाही संबंध नाही अशी माणसंही असतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. म्हणून कोणत्या तारखा, कोणते नंबर, कोणते शब्द शोधायचे ते मी आधी लिहून घेतो आणि तेवढंच शोधतो. बायकोचा फोन तिच्या नकळत आणून "जरा उघडून बघा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. तुमच्यावर फोन तपासणीला द्यायची वेळ आली, तर हॅश लिहिलेला कागद आणि काय शोधणार त्याची यादी, दोन्ही सहीनिशी मागून घ्या.