बाबांच्या डब्यातली गोळी

बाबांचा गोळ्यांचा डबा दर रविवारी मीच भरते, सात खणांचा प्लास्टिकचा, आणि त्यात सकाळ-रात्र मेटफॉर्मिन असतंच, शुगरसाठी. परवा वाचलं की ह्याच स्वस्तातल्या गोळीने म्हातारपणाचे आजार लांबवता येतात का हे बघायला निर बार्झिलाई नावाचे डॉक्टर अमेरिकेत कितीतरी वर्षं मोठी ट्रायल उभी करायला धडपडतायत आणि पैसेच जमत नाहीत, कारण एकतर गोळीचं पेटंट कधीच संपलंय, त्यात कंपन्यांना काय मिळणार, आणि तिकडच्या औषध खात्याच्या लेखी म्हातारपण हा आजारच नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

दुसरं रॅपामायसिन. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत सापडलेलं, किडनी ट्रान्सप्लांटनंतर देतात ते. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशोबाने साठीला टेकलेल्या उंदरांना दिलं तरीसुद्धा त्यांचं आयुष्य वाढलं! पण ते प्रतिकारशक्ती दाबतं, आणि उंदराचं दोन-तीन वर्षांत कळतं तसं माणसाचं कसं कळणार, त्याला पिढी जाईल. तोवर कृपया कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आमची आजी ९२ची. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकेकाळी रोज पर्वती चढणारी बाई, आता गुडघे गेले आणि चार वर्षं घरातच. लहानपणी तिने महर्षी कर्व्यांना पाहिलंय, ते १०४ वर्षं जगले, शंभरीत भारतरत्न मिळालं, त्यामुळे शंभरीचं तिला अप्रूप नाही. ती म्हणते, "वर्षं भरपूर दिली गं देवानं, पाय तेवढे राहायला हवे होते." आणि तिचं सगळं करणारी माझी आई ६८ची आहे, तिचीच कंबर धरते, उद्या माणसं १२० जगायला लागली तर नव्वदीच्या लेकीने आईला उचलायचं का? म्हणून मला वाटतं संशोधन व्हावंच, जोरात व्हावं, पण आधी गुडघे, डोळे, आठवण ह्यांचं बघा, वर्षांचं नंतर.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायला आजीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. रिक्षात बसवणार तर म्हणाली थांबा जरा, चपला काढल्या, माझा दंड घट्ट धरला आणि अंगणातल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली, मिनिटभर तरी. रिक्षावाल्यानेही घाई केली नाही.