काशिवामोचीचे पान

जपानमध्ये ५ मे हा बालदिन असतो आणि त्या दिवशी काशिवामोची नावाचा एक गोड पदार्थ खाण्याची रीत आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असताना पुस्तकातल्या चित्रात मी तो प्रथम पाहिला, आणि कोणीतरी करंजी पानात गुंडाळून ठेवली आहे असेच मला वाटले होते. यंदा माझा भाचा सुट्टीसाठी कोथरूडला आमच्याकडे आला होता. त्यानेही नुकतेच जपानीचे वर्ग सुरू केले असल्यामुळे आम्ही दोघांनी, आईच्या देखरेखीखाली, काशिवामोची घरी करण्याचे ठरवले.

या सणाचे जुने नाव ‘तांगो नो सेक्कू’. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणारा हा सण पुढे मुलग्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. मुलींचा सण त्याआधी ३ मार्चला येतो आणि त्या वेळी खाल्ल्या जाणाऱ्या साकुरामोचीला चेरीचे खारवलेले पान लावलेले असते. १९४८ साली ५ मे हा दिवस सर्वच मुलांसाठी राष्ट्रीय सुट्टी ठरवण्यात आला. त्यासंबंधीच्या कायद्यात मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान आणि त्यांचे सुख यांच्याबरोबर आईविषयीच्या कृतज्ञतेचाही उल्लेख आहे, हे वाचून दाखवल्यावर आईने मान डोलावली आणि मला चवळी निवडायला बसवले.

चवळी अशासाठी की काशिवामोचीत अझुकी नावाच्या लहान, तांबड्या कडधान्याचे गोड सारण भरतात, आणि अझुकी, मूग व चवळी ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातली अगदी जवळची भावंडे आहेत. लाल चवळी एकदा उकळून पहिले पाणी फेकून दिले, म्हणजे तुरटपणा जातो. मग ती मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढली आणि साखर घालून आटवली. या सारणाला जपानीत ‘आन’ म्हणतात. साले गाळलेले गुळगुळीत आन आणि दाणे तसेच ठेवलेले आन असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि पांढऱ्या घेवड्याच्या सारणात मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, मिसळून केलेला तिसरा प्रकारही काशिवामोचीत भरतात. आपल्या पुरणाशी त्याचे नाते कोणालाही ओळखू येईल; फरक इतकाच की त्यात वेलची नाही, जायफळ नाही, असलेच तर चिमूटभर मीठ. आई दोनदा वेलचीचा डबा घेऊन आली आणि दोन्ही वेळा तो परत ठेवताना तिच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती.

पारीसाठी आम्ही मोदकाची आंबेमोहराची पिठी घेतली. काशिवामोचीला चिकट तांदळाचे नव्हे, साध्या तांदळाचेच पीठ लागते, त्यामुळे येथे काही अडले नाही. अडले ते कृतीत. आपण उकड काढून, मळून, सारण भरून मग मोदक वाफवतो; काशिवामोचीत गरम पाण्याने भिजवलेल्या पिठाचे गोळे आधी वाफवतात, ते कुटून व मळून चांगले लवचिक करतात आणि मग त्यात सारण भरतात. पहिल्या खेपेस मी सवयीने मोदकाचीच रीत वापरली आणि पाऱ्या घडी घालताना चिरल्या.

तथापि या पदार्थाचा खरा जीव पानात आहे, आणि हे पान खायचे नसते. काशिवा हे ओकच्या जातीचे झाड. त्याची पाने शरद ऋतूत वाळतात, परंतु गळत नाहीत. वसंतात नवे कोंब फुटेपर्यंत ती फांदीला धरून राहतात. म्हणून मागची पिढी पुढच्या पिढीला पाहिल्याशिवाय जात नाही, घराण्याचा धागा तुटत नाही, असा अर्थ एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांच्या दरम्यान, या पानाला जोडला गेला आणि मुलग्यांच्या सणाला हा पदार्थ रूढ झाला. मराठीत पिकले पान म्हटले की गळणेच आठवते. क्योतोकडे मात्र या दिवशी बांबूसारख्या गवताच्या पानांत बांधलेली चिमाकी, म्हणजे तांदळाची लांबट मोची, खातात. ती चाल चीनमधून आलेली आहे.

मग पुण्यात कोणते पान घ्यायचे? हळदीचे पान पहिल्यांदा आठवले, कारण पातोळ्यांची सगळी बांधणी हीच आहे: तांदळाचे पीठ, गोड सारण, पानाची घडी, आणि खाताना पान बाजूला. पण मे महिन्यात मंडईत हळदीची पाने कोठून मिळणार? पश्चिम जपानात जेथे काशिवा कमी आहे, तेथे आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीच्या एका बहिणीची पाने वापरतात. परंतु त्या काटेरी वेलीच्या शोधात भर उन्हात सिंहगड चढण्याची आमची तयारी नव्हती. शेवटी शेजारच्या सोसायटीतल्या फणसाची पाने मागून आणली. ते झाड कधीच निष्पर्ण होत नाही, म्हणजे अर्थही थोडाफार जुळतो, आणि कोकणात फणसाच्या पानांचे द्रोण करून त्यांत पीठ वाफवतातच.

गंमत अशी की पानाची अडचण जपान्यांनाही आहे. १८७३ साली त्यांनी ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली. जुन्या चांद्र गणनेनुसार बहुतेक वर्षी जून महिन्यात, आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या सुमारास येणारा हा सण त्यानंतर ५ मे या तारखेला बांधला गेला. त्या वेळी अनेक ठिकाणी काशिवाचे नवे पान गुंडाळण्याजोगे मोठे झालेले नसते. त्यामुळे साठवलेली वाळकी पाने उकळून वापरतात आणि त्यांतली बरीचशी चीनमधून येतात. आपल्याकडे नागपंचमी श्रावणातच राहिली, म्हणून पातोळ्यांना ताजे पान मिळते. पंचांगाचा हा फायदा मला आजवर सुचला नव्हता.

दुसऱ्या खेपेच्या बारा काशिवामोची नीट झाल्या. भाच्याने पानासकट एक घास घेतला आणि मग पान काढून तीन खाल्ल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी दगडासारख्या झाल्या, कारण साध्या तांदळाची पारी शिळी होताच कडक होते. आईने त्या पुन्हा वाफवल्या आणि, मला न विचारता, वरून वेलचीची पूड भुरभुरवली. पुढच्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीलाच करू, असे आता ती म्हणते आहे. तेव्हाही हळदीचे पान हाताशी येणार नाही; फणसाचे असेल.