मोगली एरंडाचे अकरा एक्स्पेलर

1994 साली बेळगावच्या उद्यमबागमध्ये भाड्याच्या पत्र्याच्या शेडात एक जुना लेथ घेऊन आम्ही दोघांनी सुरुवात केली. भागीदार मूळचे पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाचे नमुने करणारे. तेल गाळायच्या यंत्राचा, म्हणजे एक्स्पेलरचा, स्क्रू तो वर्म; त्याचा आटा बोटाने चाचपून "पाव मिलिमीटर जास्त आहे" म्हणायचे आणि व्हर्नियर लावला की तेवढाच निघायचा. घाणेवाल्यांची कामं मिळत गेली. ती वर्षं सोडून देतो.

2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, बायोडिझेल करायचं सुचवलं. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के! माळावर येणारं, पाणी न मागणारं, गुरं तोंड न लावणारं पीक म्हणे. गुरं लावतील कशी, बी विषारी. पेंडही गुरांना चालत नाही. पेंड विकल्याशिवाय घाण्याचा हिशेब बसतो का, हे कुठल्याही घाणेवाल्याने सांगितलं असतं. विचारतो कोण?

2007 मध्ये एक प्रकल्पवाले गाडीतून आले. अकरा एक्स्पेलरची ऑर्डर, पंचवीस टक्के अॅडव्हान्स. भागीदार म्हणाले, "आधी बी दाखवा म्हणावं." मी ऐकलं नाही. घर गहाण टाकून दुसरा लेथ घेतला.

यंत्रं तयार झाली, बी आलंच नाही. खानापूरच्या बाजूला जाऊन लागवड बघितली. झाडं छातीएवढी, हिरवीगार, फांदीला चार बोंडं. पाण्याशिवाय ते झाड जगतं, फळत नाही. अनुदान मात्र रोपं मोजून मिळालेलं. रोपं विकणाऱ्याने बंगला बांधला, आमची यंत्रं रेड ऑक्साइड लावून उभी. 2009 च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा तेच 20 टक्के, साल तेवढं 2017. त्याच वर्षी भागीदार वेगळे झाले. भांडण झालं नाही, पण चहालाही येत नाहीत.

तारलं ते बैलहोंगलकडच्या एका साहुकारांनी. "होगली बिडरी (जाऊ द्या हो), शेंगा तरी गाळतंय की," म्हणत रोखीने एक यंत्र नेलं, पुढे आणखी दोन. सात खोलून सुटे भाग विकले. वर्म झिजला म्हणून शाफ्ट फेकू नका, हार्डफेसिंग करून घ्या, म्हणजे वेल्डिंगने वर कठीण धातूचा थर चढवून घ्या. आणि अॅडव्हान्स निम्म्याखाली नको.

परवा एक पोरगा ड्रोनचे भाग करून द्याल का विचारायला आला. ड्रॉइंगच्या आधी अनुदानाची फाइल उघडली. त्याला चहा पाजला आणि कोपऱ्यातला अकरावा एक्स्पेलर दाखवला. हॉपरमध्ये मांजर व्यायली आहे.