विजयदुर्गहून सुरमईच्या मागे

डिसेंबरात विजयदुर्गहून होडीने गरवायला गेलो होतो. रॉड-रील घेऊन मोठ्या माशामागे जाणाऱ्यांनी दसऱ्यानंतरच यावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि ती उठली तरी ऑगस्टात समुद्र काही लगेच खाली बसत नाही. निघायचं पहाटे. दुपारी वायव्येचा वारा चढला की छोट्या होडीत उभं राहणंही मुश्कील होतं.

पहिली सुरमई मित्राच्या गळाला लागली. रीलमधून दोरी सरसर सुटली आणि एकाएकी सैल पडली. झालं, सगळ्यांचं एकमत : ड्रॅग, म्हणजे रीलमधली दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक, ढिला होता! सगळ्यांनी ड्रॅग आवळले. दुसरी सुरमई लागली तेव्हा कोणी तिला पळूच दिलं नाही. होडीपासून हाकेच्या अंतरावर गळ तोंडातून फाटून निघाला. तांडेलकाका मागून सांगत होते, "ओढू नको रे, जाव दे तेका. दमली काय येतली." ऐकतो कोण!

मग त्यांनी पहिली तुटलेली दोरी हातात घेऊन दाखवली. ताणून तुटलेलं तंगूस (नायलॉनची दोरी) टोकाला पिळवटतं, पांढरं पडतं. हे टोक कात्रीने कापल्यासारखं साफ होतं. म्हणजे दोष ड्रॅगचा नव्हताच, दातांचा होता. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि भलतेच धारदार. गळाच्या वर वीतभर तार बांधली असती तर काम झालं असतं. लांबलचक तार मात्र नको, स्वच्छ पाण्यात मासा बिचकतो.

तेव्हा मासा सुटला की आधी दोरीचं टोक, गाठ आणि गळ बघा, मग काय बदलायचं ते ठरवा. ड्रॅग घरीच दोरी वजनकाट्याला बांधून लावून ठेवा, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. २० किलो ताण सोसणाऱ्या दोरीला ५-६ किलो. समुद्रावर हाताच्या अंदाजाने आवळाल तर नक्की चुकाल.

तार बांधली, ड्रॅग सैल केला, आणि खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकाळ जागी, गोबरा (ग्रूपर मासा) लागला! याचा हिशेब उलटा. सुरमई मोकळ्या पाण्यात पळते, तिला पळू द्यावं. गोबरा आमिष घेतो तो थेट कपारीकडे वळतो. पहिल्या काही क्षणांत त्याला वर उचललं नाही तर दोरी खडकावर घासून गेलीच म्हणून समजा. आमची तशीच गेली. खडपावर जाणार असाल तर वेगळा, जाड दोरीचा रॉड तयार ठेवा. एकाच रॉडवर दोन्ही करू पाहणं म्हणजे हट्ट आहे. आणखी एक : गोबऱ्याच्या कुळातला सर्वांत मोठा जायंट ग्रूपर आणि व्हेल शार्क, दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. चुकून लागलेच तर पाण्यातच दोरी कापा, फोटोसाठी होडीत घेऊ नका.

शेवटी एक सुरमई आली, आणि बऱ्यापैकी मोठा गेदर (ट्यूना). गेदर उन्हात पडू देऊ नका. कल्ल्याजवळ कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात घाला. उन्हात त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. बर्फ बंदरावरूनच भरून न्या, आणि वाटतं त्याच्या दुप्पट.