जुनी फोर्स गुरखा (ऑफ-रोड गाडी) घेताय? आधी डिफ लॉक तपासा
यवतमाळकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात एक चाक नुसतं फिरू लागलं, की दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडून फिरवणारा डिफ लॉकच गाडी काढतो. तपासायला पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही स्टँडवर उचला. हँडब्रेक सोडा, इंजिन बंद, टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) पहिला गिअर. एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. आता लॉक ओढा, दात बसेपर्यंत चाक हलवा. थोडी ढिलाई सोडली तर ते अडलंच पाहिजे. फिरतच राहिलं तर लिंकेज (लॉक ओढणारी जोडणी) जाम किंवा लॉक सरकवणारा फोर्क झिजलेला. लॉक काढल्यावर मोकळं होतं का, तेही बघा. (थारचं मेकॅनिकल लॉक आपोआप लागतं, त्याला ही रीत चालत नाही.)

मग अ‍ॅक्सलचं ऑइल. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बोल्टला) राखाडी लेप चालतो, दाताचे तुकडे अजिबात नाहीत. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर नाल्याचं पाणी शिरलंय: चिखलाने ब्रीदर (अ‍ॅक्सलची हवा जायची वाट) बुजला की तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरताच सीलमधून पाणी ओढतो. अशा गाडीत बेअरिंगचा खर्चही धरूनच भाव करा.